सायटेशन किती झाले? तुमचे प्रश्न

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात सायटेशनचं, म्हणजे एका पेपरचा संदर्भ दुसऱ्या पेपरांत किती वेळा दिला गेला ते मोजण्याचं काम बघते. प्रमोशनच्या फायली सुरू झाल्या की दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकत्रच देतेय.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर ६ आहे, म्हणजे माझ्या पेपरचं वजनही ६ धरायचं का?

नाही. ती जर्नलमधल्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी आहे, तुमच्या पेपरची नाही.

गूगल स्कॉलरवर ४१ सायटेशन दिसतात, स्कोपसवर २३. खरा आकडा कुठला?

दोन्ही खरे. गूगल थेसिस, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधी ऑनलाइन टाकलेला पेपर), मिळेल ते धरतं, स्कोपस हा डेटाबेस फक्त आपल्या यादीतल्या जर्नल वगैरेंमधलं मोजतं. फॉर्मात ज्याचं नाव आहे त्याचा आकडा लिहा आणि पुढे तारीख टाका, कारण आकडा बदलत राहतो. फॉर्मात नाव नसेल तर अंदाजाने भरू नका, आधी ग्रंथालयात विचारून घ्या.

मॅडम, माझा पेपर येऊन दोन वर्षं झाली, फक्त ३ सायटेशन. गाईड म्हणतात पेपर वाया गेला. (पीएचडी, रसायनशास्त्र)

वाया वगैरे काही गेलेला नाही. हे 'दोन वर्षं' प्रकरण कुठून आलं ते बघा. इम्पॅक्ट फॅक्टर काढताना जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा किती सायटेशन मिळाले ते मोजतात आणि लेखांच्या संख्येने भागतात. हा हिशोब जर्नलसाठी आहे, पण लोकांनी तोच उचलून एकेका पेपरला लावला आणि पोरं उगाच खचतात.

एक उदाहरण देते. तुम्ही रसायनशास्त्राचे आहात म्हणजे लॅबमध्ये ग्राफाइटपासून ग्राफीन ऑक्साइड कोणीतरी करतच असेल. बर्फात फ्लास्क, सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ग्राफाइट, परमँगनेट थोडं थोडं टाकायचं, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की सगळं पिवळंधमक होतं. ही हमर्स आणि ऑफमन यांची पद्धत, १९५८ची, पेपर जेमतेम एका पानाचा. जवळजवळ पन्नास वर्षं त्याला फारसं कोणी विचारलं नाही. २००४ मध्ये गाइम आणि नोव्होसेलोव या शास्त्रज्ञांचा ग्राफीनचा (कार्बनचा एका अणूइतका जाड थर) पेपर आला, सगळ्यांना ग्राफीन ऑक्साइड लागायला लागलं आणि आज त्या एका पानाचे सायटेशन हजारोंच्या घरात आहेत. १९६० साली दोन वर्षांचा हिशोब लावला असता तर तुमचे गाईड त्यालाही वायाच गेला म्हणाले असते. अशा वर्षानुवर्षं झोपून मग अचानक जागं होणाऱ्या पेपरना आमच्याकडे 'स्लीपिंग ब्युटी' म्हणतात.

म्हणून एकूण आकडा बघू नका, वर्षवार आलेख बघा, आणि तुलना करायचीच तर त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या पेपरशी करा, गणिताची मेडिकलशी कधीच नको. मुख्य म्हणजे ते ३ पेपर उघडा आणि तुमचं नाव कुठल्या वाक्यात आलंय ते वाचा. प्रस्तावनेत दहाजणांच्या रांगेत नाव येणं वेगळं आणि 'आम्ही यांची पद्धत वापरली' म्हणणं वेगळं. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये सायटेशन इंडेक्सची, म्हणजे कोणत्या पेपरचा संदर्भ पुढे कोणी दिला त्याच्या सूचीची, कल्पना मांडली तीच मुळी यासाठी, की जुन्या पेपरवर पुढे कोणी काय टीका केली ते वाचणाऱ्याला सापडावं. आपण वाचणं सोडलं आणि मोजणं तेवढं धरून बसलो, याचं मला खरंच वाईट वाटतं. वर्षवार आलेख काढून गाईडना दाखवा, जमत नसेल तर तुमच्या ग्रंथपालांकडे जा.

एका जर्नलचा मेल आला, 'ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर ५.८', सात दिवसांत पेपर छापतो म्हणाले. पैसे भरलेत, पण मित्र म्हणतो फेक आहे. आता काय करू?

भरायच्या आधी का नाही विचारलंत? नव्वद टक्के लोक पैसे गेल्यावरच येतात. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधून येतो, त्याच्या आधी ग्लोबल, युनिव्हर्सल असं काही चिकटवलेलं दिसलं की तिथेच थांबायचं. सात दिवसांत रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारा तज्ज्ञ, पेपर नीट वाचूच शकत नाही, आणि 'मित्राचा छापून आला' हा काही पुरावा नाही. यूजीसीने मान्य जर्नलची केअर लिस्ट बंद केलीय, आता जर्नल चालेल की नाही ते तुमचं विद्यापीठ बघणार, त्यामुळे तिथे लेखी विचारा. कॉपीराइट फॉर्मवर सही केली नसेल तर अजिबात करू नका, पेपर मागे घेतोय असा मेल आजच पाठवा. सही झाली असेल तर दुसरीकडे पाठवण्याआधी गाईड आणि ग्रंथपाल दोघांशी बोला, नाहीतर एकच पेपर दोनदा छापल्याचा ठपका यायचा.

रिव्ह्यूअरने स्वतःचे वाटतात असे पाच पेपर सायट करायला सांगितलेत.

वाचा. विषयाशी संबंध असेल तो घ्या, बाकीचे का घेतले नाहीत ते उत्तरात नम्रपणे लिहा. दबाव वाटला तर गाईडना दाखवून थेट एडिटरला कळवा.