मधले दिवस

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा रात्री वाचले. उत्तराला दोन दिवस लावले, कारण त्याच रात्री लिहिले असते तर ते रागाच्या भरात लिहिले गेले असते. जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या नवजात पिल्लांमध्ये कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या, वरच्या थरांतले न्यूरॉन (चेतापेशी) कमी भरतात, एवढे तुला दिसले आहे. त्यावरून 'हे जनुक नसेल तर न्यूरॉन तयारच होत नाहीत' असे लिहून शोधनिबंध पाठवून द्यावा, असे तुझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. तुझे मन त्याला तयार नाही, पण का तयार नाही हे तुला नेमके सांगता येत नाही. पाचवे वर्ष चालू आहे, फेलोशिप संपत आली आहे, बरोबरीची मुले परदेशी निघाली आहेत. हे सगळे मला कळते. तरीही विचारतो, मधले दिवस तू पाहिलेस का? तुझ्या पत्राला जन्मदिवसाच्या आकड्यांचे चार तक्ते जोडलेले आहेत, आणि गर्भाच्या तेराव्या, पंधराव्या, सतराव्या दिवसाविषयी एक ओळही नाही.

न्यूरॉन कमी भरले, या एका वाक्यात किमान पाच निरनिराळ्या घटना लपलेल्या असू शकतात. न्यूरॉन ज्यांपासून बनतात त्या जनक पेशी कमी वेळा विभागल्या असतील. त्या घाईने न्यूरॉन बनून गेल्या असतील आणि वरच्या थरांची पाळी येईपर्यंत मागे जनक पेशीच उरल्या नसतील. न्यूरॉन वेळेवर जन्मून वाटेत अडकले असतील, जागेवर पोहोचून मेले असतील, किंवा त्या पेशींनी न्यूरॉन होण्याऐवजी दुसरेच रूप घेतले असेल. जन्माच्या दिवशी या पाचही गोष्टी तुला एकाच आकड्याच्या रूपात दिसतात. तुझ्या मनाला जे पटत नाही ते हेच आहे, आणि तुझे मन बरोबर आहे.

रिटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी हे नाव तुला नवे नाही. 1986 च्या नोबेलपेक्षा मला त्यांची तूरिनमधली झोपण्याची खोली अधिक मोलाची वाटते. 1938 च्या वंशविषयक कायद्यांनी ज्यू संशोधकांना इटलीतल्या विद्यापीठांची दारे बंद केली, तेव्हा त्यांनी त्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडला, शिवणाच्या सुयांना धार लावून उपकरणे केली आणि कोंबडीच्या अंड्यांवर काम सुरू केले. गर्भशास्त्रज्ञ व्हिक्टर हँबर्गर यांनी 1934 मध्ये दाखवले होते की कोंबडीच्या गर्भाच्या पंखाचा अंकुर काढला, तर त्या पंखाला जाणाऱ्या चेतापेशी कमी होतात. पंखाकडून येणारी काहीतरी चालना मिळत नाही म्हणून त्या पेशी घडतच नाहीत, असा त्यांनी अर्थ लावला. लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांनी तसाच, अवयवाचा अंकुर काढण्याचा प्रयोग पुन्हा केला, पण थोड्या थोड्या अंतराने गर्भ काढून, चांदीच्या क्षारांनी रंगवून मोजणी केली. पेशी घडत होत्या, त्यांचे तंतू अवयवाच्या दिशेने निघतही होते आणि त्यानंतर त्या मरत होत्या. प्राणी तोच, शस्त्रक्रिया तशीच. फरक फक्त मधल्या दिवसांचा होता, आणि चेतापेशींना जगवणाऱ्या चेतावर्धक घटकाच्या शोधाकडे जाणारी वाट त्या मधल्या दिवसांतून निघाली. हँबर्गर यांचा मोठेपणा असा, की त्यांनी 1947 मध्ये आपल्याला खोडून काढणाऱ्या या बाईंना अमेरिकेत सेंट लुईसला आपल्या प्रयोगशाळेत बोलावून घेतले.

ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. ती पाठ असतानाही मी स्वतः काय केले ते कुणाला फारसे सांगितलेले नाही. 1987 मध्ये मी गाभण मादीला एक औषध देऊन सोळाव्या दिवशी किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएचा एक घटक) टोचत असे. त्या दिवशी जन्मणाऱ्या न्यूरॉनवर त्याची खूण राहते. पिल्ले जन्मली की मेंदूचे काप काचेवर घ्यायचे, काळोख्या खोलीत फोटोच्या फिल्मसारख्या इमल्शनमध्ये बुडवायचे आणि काळ्या पेटीत घालून सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचे. स्लाइड धुतल्यावर वरच्या थरांत खुणा फार कमी दिसल्या. खाली, मेंदूच्या भिंतीच्या मधल्या पट्ट्यात, थायमिडीनच्या खुणेच्या काळ्या कणांनी भरलेल्या पेशी विखुरलेल्या होत्या. त्या मी पाहिल्या. माझ्या मोजणीच्या चौकटीबाहेर होत्या म्हणून त्यांना रंगवण्यातला दोष ठरवले आणि 'औषधामुळे न्यूरॉन जन्मत नाहीत' असे छापले. काही वर्षांनी दुसऱ्या एका गटाने पिल्लांना आठवडाभर वाढू दिले, तेव्हा वरचे थर भरलेले निघाले. न्यूरॉन जन्मले होते. ते फक्त उशिरा पोहोचत होते. मी जाहीर दुरुस्ती कधीच दिली नाही. हे आज लिहितानाही हात अडखळतो.

आणि हे मला आधी कळायला हवे होते. अँजेव्हीन आणि सिडमन यांनी 1961 मध्येच, त्याच थायमिडीनच्या साहाय्याने, दाखवून ठेवले होते की कॉर्टेक्स आतून बाहेर रचला जातो. आधी जन्मलेले न्यूरॉन खोल थरांत बसतात आणि नंतरचे त्यांना ओलांडून वर जातात. पास्को राकिच यांनी 1972 मध्ये माकडाच्या गर्भात दाखवले की ही चढण रेडियल ग्लिया या आधार देणाऱ्या पेशींच्या लांब तंतूंना धरून होते. उंदरात कॉर्टेक्सच्या न्यूरॉनची निर्मिती साधारण अकराव्या ते सतराव्या दिवसात होते, आणि उशिरा जन्मलेल्यांची चढण पिल्लू जन्मल्यावरही काही दिवस चालूच असते. म्हणजे जन्माच्या दिवशी वरचे थर मोजणे हे पंगत बसायच्या आधीच पाने मोजण्यासारखे आहे. तू आज तेच करते आहेस.

आपल्याच मुंबईतले उदाहरण देतो. टीआयएफआर या संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या गटाने एलएचएक्स2 या जनुकावर केलेले काम काढून पुन्हा वाच. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात हे जनुक नसलेल्या पेशी कॉर्टेक्स होण्याऐवजी हेम, म्हणजे कॉर्टेक्सच्या कडेची पट्टी, बनतात आणि शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग) व्हायला लावतात, हे त्यांनी 2008 मध्ये दाखवले. तेच जनुक पुढच्या टप्प्यावर, घडत असलेल्या हिप्पोकॅम्पसमधून काढले, की न्यूरॉनच्या जागी ॲस्ट्रोसाइट या आधारपेशी तयार होतात, हे त्यांच्याच प्रयोगशाळेतून 2011 मध्ये आले. जनुक एक आणि उत्तरे दोन, कारण दिवस वेगळे. 'हे जनुक काय करते' हा प्रश्नच अर्धवट आहे. 'कोणत्या दिवशी काय करते' असे विचार.

एकेका पेशीचे आरएनए, म्हणजे तिच्यात कोणती जनुके चालू आहेत ते, वाचून प्रश्न सुटेल का, असे तू विचारतेस. सुटणार नाही, निदान आधी नाही. त्यासाठी तू ऊतक विरघळवणार, म्हणजे कोणती पेशी कुठे होती हे हातचे घालवणार, आणि तेही पुन्हा एकाच दिवसाचे. महागडे यंत्र मधल्या दिवसांची जागा घेत नाही. कृपा करून हे मला तिसऱ्यांदा लिहायला लावू नकोस.

माझ्या नावावर शोधनिबंध कमी आहेत, हे तू ऐकले असशील. त्या चुकीनंतर मी प्रत्येक विद्यार्थ्याला किमान पाच वयांचे गर्भ पाहिल्याशिवाय एक ओळही लिहू दिली नाही. त्यामुळे दोन मुलांचे पीएचडी वर्षभर लांबले, एकाच्या घरून मला नाराजीचे पत्र आले आणि बढतीच्या समितीने माझ्या मंद गतीबद्दल विचारणा केली. त्यांना मी सांगितले होते की उंदीर माझ्या सोयीने गाभण राहत नाहीत. आजही मला तो आग्रह चुकीचा वाटत नाही. त्या मुलांनी माझ्याकडे केलेल्या कामातला एकही निष्कर्ष अजून मागे घ्यावा लागलेला नाही, आणि बढती उशिरा मिळाली याचे दुःख मी केव्हाच सोडून दिले आहे. तुझ्या मार्गदर्शकांना मी काही कळवणार नाही. ते वाईट नाहीत, त्यांच्यावरही अनुदानाचा दबाव आहे. पण बोलायचे तुलाच आहे, आणि हातात चित्रे असतील तर आवाज चढवावा लागणार नाही.

तुझ्याकडे चार महिने आहेत आणि ते पुरतील. प्लग (मादीचा समागम झाल्याची खूण) दिसलेली सकाळ अर्धा दिवस धरून नोंद ठेव. बाराव्या दिवशी गर्भ जेमतेम चिंचोक्याएवढा असतो, तेव्हा डोके वेगळे करण्याच्या भरीस पडू नकोस, अख्खा गर्भच फिक्स कर, म्हणजे रसायनाने आहे तसा टिकवून ठेव. तेरा, पंधरा आणि सतरा या दिवशी बीआरडीयू (थायमिडीनसारखीच खूण ठेवणारे रसायन) टोचून काही माद्यांचे गर्भ दुसऱ्या दिवशी घे आणि काहींची पिल्ले दहा दिवसांची होऊ दे. मरणाऱ्या पेशींसाठी कॅस्पेसचे (मरत्या पेशीत जागे होणाऱ्या प्रथिनाचे) रंजन प्रत्येक वयाला कर. सामान्य भावंडे त्याच पिलावळीतली घे. पहिले काप तयार झाले की आकडे काढत बसू नकोस, आधी मला चित्रे पाठव. आणि चौकट फक्त वरच्या थरांवर लावू नकोस, तळापासून पृष्ठभागापर्यंत अख्खी भिंत चित्रात येऊ दे.

तुझे,
सर