छप्पन्न एपीओ नकाशात सापडत नाही

प्रश्न : माझे मिस्टर सैन्यात नाईक आहेत. चार वर्षं आम्ही जोधपूरला क्वार्टरमध्ये राहिलो. जूनमध्ये त्यांना फील्ड पोस्टिंग आलं आणि मी दोन्ही लेकरांना घेऊन सासरी, खटाव तालुक्यात आले. मुलगी पाचवीत आहे. केंद्रीय विद्यालयात ती हुशार गणली जायची, इथे मराठीच्या वहीत नुसत्या लाल रेघा. पोरं ‘हिंदीवाली’ म्हणून चिडवतात. पप्पांचा फोन आला की ती परड्यात पळून जाते. सासरे म्हणतात, सैनिक स्कूलच्या परीक्षेला बसव, आपोआप सुधारेल. काय करू?
– एक आई

उत्तर : वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. मी चष्मा पुसून दोनदा वाचले. ‘शाला’, ‘फला’, ‘सकाल’, ‘कवि’, ‘शांति’. अहो, ही पोरगी चुकत नाहीये, हिंदीच्या नियमानं बरोबर लिहितेय! हिंदीच्या पुस्तकात तिला ळ भेटलाच नाही. कवि, शांति तिकडे पहिल्या वेलांटीचे, आपल्याकडे दुसरीचे. हे तिच्या बाईंना जाऊन सांगा. रागावून नको, वही उघडून दाखवा. दिवाळीपर्यंत या दोन चुकांचे मार्क न कापता नुसता गोल करा, अशी विनंती करा. सातारा तालुक्यात मी पस्तीस वर्षं शिकवलं, अशी विनंती कुणी केली असती तर मला आवडलंच असतं. पण आपल्याकडे घरटी एक फौजी, अपशिंगे गावाच्या तर नावापुढेच ‘मिलिटरी’. त्यामुळे फौजीच्या पोराला काही वेगळं लागत असेल हे आम्हा शिक्षकांच्या डोक्यातच येत नाही. आठवण होते ती थेट २६ जानेवारीला, स्टेजवर उभं करायला. तिला नको असेल तर तुम्ही सरळ नाही म्हणा.

घरी तिला आजीजवळ चुलीपाशी बसवा. पळी, डाळ, गूळ, तळण, उखळ. रोज पाच ळ शोधून वहीत लिहायचे. शिकवणी लावू नका.

आता फोनचं. माझे वडीलही फौजेत. त्यांच्या पत्रावर गावाचं नाव नसायचं, ‘५६ एपीओ’ एवढंच. तिसरीत असताना वर्गातल्या नकाशावर राजस्थानपासून आसामपर्यंत बोट फिरवत मी ते गाव शोधलं होतं. गुरुजी मागे उभे राहून बघत होते. हसले नाहीत, पण हे फौजेच्या टपालाचं नाव आहे, गावाचं नाही, हेही बोलले नाहीत. प्रत्येक आंतरदेशीय पत्राची शेवटची ओळ ठरलेली : ‘किती मार्क पडले ते कळव.’ एकदा गणितात नापास झाले आणि दोन महिने मी उत्तरच धाडलं नाही. आईला सांगितलं, शाई संपली. तुमची लेक परड्यात पळते ना, ती माझी शाईच आहे.

मिस्टरांना विचारा, गेल्या पाच फोनांत पहिला प्रश्न कोणता होता? ‘अभ्यास केलास का’ असेल तर तो महिनाभर बंद. त्याऐवजी, भरती झाल्यावर त्यांची स्वतःची हिंदी कशी ठेचकाळत होती, ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादांपुढे काय फजिती झाली, ते सांगू द्या. खटावहून गेलेल्या पोराकडे असा एखादा तरी किस्सा असतोच. लेकीला तो ऐकायचाय. आणि ‘रविवारी आठला पप्पांचा फोन येईल’ असं कबूल करू नका. तिथली रेंज काही आपल्या हातात नाही, आणि लेक मात्र सातपासून मोबाईल धरून बसेल.

सैनिक स्कूल म्हणाल तर साताऱ्याचं देशातलं पहिलं, १९६१ सालचं. आता मुलींनाही घेतात. शाळेला नावं ठेवायला जागा नाही. पण ती निवासी. या जूनमध्ये पोरीचं घर सुटलं, मैत्रिणी सुटल्या, पप्पा लांब गेले. पुढच्या जूनमध्ये आईही सोडायची? सासऱ्यांना सांगा, नववीलाही प्रवेश परीक्षा असते. तेव्हा तिलाच विचारू.

आणि हो, वर्ष संपलं की मुख्याध्यापकांकडून दोन्ही लेकरं वर्षभर तिथे शिकल्याचा दाखला आठवणीनं घ्या. मिस्टरांना शिक्षण भत्त्यासाठी तो युनिटमध्ये द्यावा लागतो, आणि मे महिन्यात शाळेचं ऑफिस कधी उघडं सापडेल याचा नेम नसतो.