बोललं एक, पोचलं भलतंच

या वेळची बहुतेक पत्रं घरातल्या बोलण्याबद्दल आहेत. नावं-गावं गाळली आहेत आणि मजकूर थोडा आवरून घेतला आहे.

प्रश्न: सासूबाई आमच्यासोबत राहतात. स्वभावाने वाईट नाहीत. पण मी कामावरून आले की दारातच विचारतात, "आज उशीर झाला का गं?" माझं डोकंच फिरतं. नवरा म्हणतो, साधा प्रश्न आहे. खरंच साधा आहे का?

शब्दांपुरता साधा आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ फ्रीडेमान शुल्त्झ फॉन थून यांनी १९८१ मध्ये मांडलं की कुठल्याही वाक्याला चार बाजू असतात. एक माहितीची. दुसरी बोलणारा नकळत स्वतःबद्दल जे सांगून जातो त्याची. तिसरी आपल्या दोघांच्या नात्याची आणि चौथी समोरच्याकडून असलेल्या अपेक्षेची. त्यांचं गाजलेलं उदाहरण गाडीतल्या जोडप्याचं आहे. बायको गाडी चालवतेय, शेजारी बसलेला नवरा म्हणतो, "पुढे सिग्नल हिरवा झालाय." ती फणकारते, "गाडी तू चालवतोयस की मी?" तो बोलला सिग्नलबद्दल, तिला ऐकू आलं 'तुला गाडी चालवता येत नाही'.

आता तुमचं दार. साडेसात वाजलेत, ही माहिती. 'दिवसभर एकटी होते, मघापासून वाट बघतेय' हे त्यांचं स्वतःबद्दलचं असू शकतं. 'सुनेला हे विचारायचा मला हक्क आहे' हे नात्याचं. आणि 'आता कुकर लाव' ही अपेक्षा. यातली कोणती बाजू त्यांच्या मनात असते हे मला इथे बसून सांगता येणार नाही. तुम्ही मात्र रोज तिसरीच ऐकता, एवढं पत्रावरून दिसतं. दमून आल्यावर तसं होतंच.

एकदा मुद्दाम दुसऱ्या बाजूला उत्तर देऊन बघा. "हो ना, लोकलचा घोळ होता. तुम्ही चहा घेतलात की थांबलात माझ्यासाठी?" त्या खुलल्या तर प्रश्न एकटेपणाचा होता. "चहाचं राहू दे, आधी स्वयंपाकाचं बघ" असं आलं तर तेही कळलं, आणि मग स्वयंपाक कोणी कधी करायचा हे उघडपणे बोला. त्या बोलण्याला 'साधा प्रश्न आहे' म्हणणाऱ्या नवऱ्यालाही बसवा. कुकर त्यालाही लावता येतो.

प्रश्न: नवरा काही बोलतच नाही. विचारलं की टीव्हीचा आवाज वाढवतो. म्हणतो, तू मागे लागतेस म्हणून मी गप्प. मी म्हणते, तू गप्प म्हणून मी मागे लागते. कोण बरोबर?

दोघंही, म्हणूनच भांडण संपत नाही. संवादाचे अभ्यासक पॉल वात्झलाविक, जॅनेट बीविन आणि डॉन जॅक्सन यांनी १९६७ मध्ये जवळजवळ हेच जोडपं उदाहरणादाखल दिलंय. घटना त्याच असतात, पण ती साखळी सुरू कुठून झाली हे प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. त्यामुळे 'आधी कोणी सुरू केलं' या वादाला तळ नाही. तो सोडून द्या. याच तिघांचं दुसरं सांगणं तुमच्या नवऱ्याला वाचून दाखवण्याजोगं आहे: माणूस दुसऱ्यासमोर असताना काहीच न सांगता राहूच शकत नाही. टीव्हीचा आवाज वाढवणं हेही सांगणंच.

'बायकाच कटकट करतात' हा निष्कर्ष कुणी काढू नये. अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि क्रिस्टोफर हीव्ही यांनी जोडप्यांच्या चर्चा तपासल्या, तेव्हा बायकोला बदल हवा असलेल्या विषयात ती मागे लागते आणि तो टाळतो, असंच दिसलं. पण बदल नवऱ्याला हवा असलेल्या विषयात हा फरक जवळजवळ उरला नाही. ज्याला आहे ते सोयीचं असतं, त्याला गप्प बसणं परवडतं.

तेव्हा एक करा. विषय एकच काढा आणि वेळ त्याला निवडू द्या. "आत्ता नको तर कधी?" याला "बघू नंतर" हे उत्तर नव्हे, वार आणि वेळ मागा. तोवर तो विषय पुन्हा काढायचा नाही, हे पथ्य तुमचं.

प्रश्न: एका कार्यशाळेत ऐकलं की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के. मुलगा कॅनडात असतो, आम्ही बरंचसं व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करूनच बोलतो. म्हणजे ९३ टक्के वाया जातं का?

अजिबात नाही. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आला. त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. शब्द एक सांगताहेत आणि सूर दुसरंच, अशा वेळेपुरतं ते खरं. कार्यशाळावाल्यांनी ते सगळ्या मनुष्यजातीला लावलं. टाइप करा, खुशाल करा. फक्त रुसवा काढायचा असेल तेव्हा फोन लावा.

प्रश्न: माझी नोकरी गेली. बायकोला सांगितलं, तिने तिच्या भावाला सांगितलं, आता सासुरवाडीला सगळ्यांना माहीत आहे. ती म्हणते, "मलाही कुणाशी तरी बोलायला हवं होतं." मी चिडू नको का?

चिडा, पण पूर्ण दोष तिला देऊ नका. सँड्रा पेट्रोनिओ यांचा खासगीपणाविषयीचा सिद्धांत सांगतो की आपली गोष्ट दुसऱ्याला सांगितली की तोही तिचा भागीदार होतो, आणि ती पुढे कुणाला सांगायची याचे नियम दोघांनी ठरवावे लागतात. ते ठरले नाहीत की असा गोंधळ होतो. 'हे आपल्यातच' असं तुम्ही मनात धरलंत, बोललात का? शिवाय घराचा हप्ता तिच्याही डोक्यावर आहे. तिला एक माणूस लागणारच. तो कोण आणि त्याला किती सांगायचं, हे आता बसून ठरवा. मेहुण्याला मात्र तिनेच सांगू दे की गोष्ट पुढे नेऊ नकोस. तुम्ही फोन केलात तर तिसरंच प्रकरण उभं राहील.

प्रश्न: नवऱ्याने नात्यांवरचे व्हिडिओ बघून बघून वात आणलाय. मी गप्प झाले की म्हणतो, "हे स्टोनवॉलिंग आहे!" काय करू?

शब्द जोडप्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या यादीतला आहे. टीका, तुच्छता, बचाव आणि भिंत उभी करणं (म्हणजेच स्टोनवॉलिंग), या चार गोष्टी नात्याला पोखरतात असं ते म्हणतात, आणि त्यांत सर्वांत घातक तुच्छता. पण भिंत उभी करणाऱ्या माणसाची छाती बहुधा आतून धडधडत असते, हेही त्यांनीच मोजलंय. ठोके मिनिटाला शंभरावर गेले की नीट ऐकूच येत नाही. म्हणून ते निदान वीस मिनिटांची सुट्टी घ्यायला सांगतात. पुढच्या वेळी सरळ म्हणा, "हो, आहे. वीस मिनिटांनी येते." गच्चीवर जा, तुळशीला पाणी घाला, काहीही करा, पण तेवढा वेळ मनात उलट उत्तरं जुळवत बसू नका. आणि सांगितल्या वेळेला परत या.

तो हे लेबल हसत हसत लावत असेल तर ती तुच्छता झाली, म्हणजे त्याच यादीतली सर्वांत वाईट. हे तुम्हाला माहीत असू दे. त्याला ऐकवायला जाऊ नका, नाहीतर घरात दोन तज्ज्ञ होतील.