४८व्या वर्षी जुना रॉक बँड पुन्हा उभा करतोय, पण डोक्यावरचे केस गेलेत. स्टेजवर हेअर पॅच (टाळू झाकणारा छोटा विग) लावून जावं का?

लावू नका.

तुम्ही लिहिलंय की शो अडीच महिन्यांवर आलाय, कपाळ आणि टाळू दोन्ही उघडी पडलीत, आणि बँडमधल्या बाकीच्यांचं म्हणणं आहे की ‘जुन्या फोटोसारखं दिसायला पाहिजे’. हे शेवटचं वाचलं आणि माझा चहा गार झाला. २००८ साली सोलापुरात मी हे वाक्य जसंच्या तसं ऐकलंय.

आमचा बँड १९९१चा. नाव सांगत नाही, जुने सोलापूरकर ओळखतील. तालीम साखर पेठेत, गायकाच्या वडिलांच्या पॉवरलूमच्या कारखान्यात, मागच्या खोलीत. मागांचा खटखटाट इतका की ड्रमबद्दल शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. लाइट गेली की मात्र सगळ्या पेठेला कळायचं, आमचा ड्रमर किती बेताल आहे ते. केस सगळ्यांचे खांद्यापर्यंत. आमच्या गायकाला केसांचं इतकं वेड, की १९९६ साली मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचे चौघे केस कापून नवा अल्बम घेऊन आले तेव्हा त्यानं आठवडाभर सुतक पाळलं. अल्बममधली गाणी त्यानं ऐकली की नाही, देव जाणे.

माझी टाळू तिशीतच दिसायला लागली. आमच्याकडं वडील आणि मामा दोघंही गुळगुळीत, त्यामुळं सुटका नव्हतीच. २००८ला एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगचं बोलावणं आलं. बँड पुन्हा एकत्र. गायकानं मला न विचारता फ्लेक्स छापला, त्यावर १९९३चा फोटो. मग मला म्हणाला, “लोकं हा फोटो बघून येणारेत बे. तू असा उभारलास तर बँड बदलला म्हणतील.”

मी म्हणालो, जुडास प्रीस्ट बँडचा गायक रॉब हॅलफर्ड, त्याच्या डोक्यावर एक केस नाही. चामड्याचं जाकीट घालून मोटरसायकलवरून स्टेजवर येतो. कुणी तिकिटाचे पैसे परत मागतं का?

“त्याच्याकडं हार्ले आहे,” तो म्हणाला. “तुझ्याकडं लुना आहे.”

आता यात गंमत अशी की आदल्याच वर्षी, मार्च २००७ला, आम्ही दोघं उद्यान एक्सप्रेसनं बंगळूरला जाऊन आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा शो बघून आलो होतो. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन, त्याचे केस बँकेच्या मॅनेजरसारखे कापलेले, आणि स्टेजभर सगळ्यात जास्त पळत होता तोच. आमचा गायक माझ्या शेजारी उभारून रडत होता. हे आता त्याला आठवत नाही म्हणे.

तरी मी पॅच आणला. चूक माझीच. पॅच नीट बसावा म्हणून टाळूवरचे उरलेसुरले केस चौकोनी भादरतात, हे आधी कुणी सांगत नाही. पुढं कपाळाच्या वर डबल टेप, मागं क्लिपा. आरशात मी खरंच १९९३सारखा दिसत होतो. खोटं कशाला बोलू, बायकोसुद्धा दोनदा वळून बघून गेली.

शो एप्रिलच्या शेवटी, उघड्या मैदानावर. सोलापूरचा एप्रिल म्हणजे दिवसा ४२ अंश, आणि दिवस मावळल्यावरही फरशी चटके देते. त्यात डोक्यावर हजार-हजार वॅटचे पार लाइट, म्हणजे स्टेजचे डबड्यासारखे दिवे. पहिल्या गाण्यातच टेपच्या खाली खाज सुटली. माझा गिटारचा लांब सोलो तिसऱ्या गाण्यात. तो मी हजार वेळा वाजवलाय, आणि दर वेळी मान झटकत वाजवलाय, कारण मानेच्या झटक्यावरच मला सम सापडते. त्या दिवशी मी डोक्यावर घागर घेतल्यासारखा ताठ उभा. सगळं ध्यान कपाळात. बोटं मागं पडत गेली आणि शेवटची चढती सरगम तर पार घसरली. गायकानं माइकवरूनच माझ्याकडं बघितलं.

मग घाम डोळ्यात उतरला. अँपवर टाकलेला टॉवेल घेतला, गायकाच्याच कारखान्यातला, जाड टेरीचा, आणि कपाळ पुसलं. टेरीच्या फाशांत टेपचा डिंक चिकटला. टॉवेल खाली आणला तशी पॅचची पुढची कड त्याच्याबरोबर उठली, डबीचं झाकण उघडावं तशी. मागच्या क्लिपा मात्र घट्ट. दीडेक हजार पोरं समोर, आणि मी एका हातानं गिटार, दुसऱ्या हातानं झाकण धरून. शेवटी क्लिपा ओढून काढल्या, डोळ्यातून पाणी आलं, पॅच अँपवर फेकला. पोरांना वाटलं ठरवून केलंय. अशा शिट्ट्या आम्हाला १९९३लाही मिळाल्या नव्हत्या. उरलेली पाच गाणी मी तो भादरलेला चौकोन घेऊन वाजवली आणि एकही चुकली नाही.

गायक आजतागायत म्हणतो, “पॅचचं निमित्त सांगू नको बे, तुझा रियाज नव्हता.” लग्नात भेटलो तरी विषय तोच. म्हणून तुम्हाला विचारतो, तुम्हीही वाजवता ना? मान आखडली तर हात चालतो का? चालत नाही.

आता तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं. मिनॉक्सिडिल, फिनास्टराइड या केसांच्या औषधांनी फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि बंद केलं की मिळालेलं परत जातं. ट्रान्सप्लांटचे लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, पुन्हा येऊन भरायला वर्ष जातं. म्हणजे तुमच्या शोला दोन्हींचा उपयोग शून्य. ब्रिटिश गायक एल्टन जॉननं सत्तरच्या दशकात ट्रान्सप्लांट केलं, नंतर विगवर आला आणि आत्मचरित्रात सगळं लिहूनही टाकलं. पण तो बहुतेक वेळ पियानोसमोर बसलेला असतो.

तेवढ्यावरून आठवलं, पॅच सगळ्यांचाच निघतो असं नाही. ऑर्केस्ट्रातले कितीतरी गायक वर्षानुवर्षं लावतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. एसी हॉल, एका जागी उभारून गाणं, तिथं चालतं. केस अचानक किंवा गोल चट्ट्यांत गेले असतील तर ती चाई असू शकते, तिथं माझं ऐकू नका, त्वचेच्या डॉक्टरकडं जा. फिनास्टराइडही त्यांनी लिहून दिल्याशिवाय नको. आणि हो, २००८च्या आधीचे दोन महिने माझा रियाज तसा कमीच झाला होता. पण सोलो पॅचमुळंच गेला.

गोटा करणार असाल तर शोच्या आदल्या दिवशी करू नका. झाकलेली टाळू पांढरीफटक असते आणि चेहरा रापलेला, दिव्यात टोपी घातल्यासारखं दिसतं. दोन-तीन आठवडे आधी करा, रोज थोडं ऊन खाऊ द्या. स्टेजवर चढताना कॉम्पॅक्ट पावडरचा हलका हात फिरवा, आणि लाइटवाल्याला चहा पाजून सांगा की वरचा पार लाइट सरळ टाळूवर मारू नको, बाजूनं घे.

मी गोटा केला तेव्हा पहिले चार दिवस अर्धी साखर पेठ विचारत होती, तिरुपतीला कधी गेलतास आणि लाडू कुठायत. पाचव्या दिवशी मी कंटाळून बुंदीचे घेऊन आलो आणि वाटून टाकले.