कपाळावरची नागीण: डोळा दाखवायचा का?

सासूबाईंच्या उजव्या कपाळावर आणि पापणीवर फोड आलेत, घरचे 'नागीण आहे, गेरू लावा' म्हणतायत, डोळा दाखवायची गरज आहे का, असं विचारलंय. आहे. आजच दाखवा.

मला हीच नागीण डाव्या बाजूला झाली होती. आधी दोन दिवस नुसतं डोकं चरचरत होतं, कंगवा टेकवला तरी कळ यायची. मी अर्धशिशी समजून गोळ्या घेत बसले. मग भुवईवर पाण्याने भरलेले फोड उठले आणि मीही गेरूच लावला. दोन दिवस असेच फुकट गेले.

लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी तो विषाणू नसांच्या मुळाशी दडून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती घटली की पुन्हा उठतो. कपाळ, पापणी आणि डोळा यांची नस एकच. ती एकाच बाजूची असल्यामुळे फोड सहसा मधली रेघ ओलांडत नाहीत. नागिणीची तोंडं जुळली की माणूस दगावतो, ही भीती तर सोडूनच द्या. बघायचं ते नाकाचं टोक. तिथे फोड असेल तर डोळ्यात शिरण्याची शक्यता बरीच वाढते, कारण नाकाच्या टोकाला आणि बुबुळाला जाणारी बारीक फांदी एकच आहे. मात्र टोक कोरडं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. माझं कोरडंच होतं.

असायक्लोव्हिरसारखी गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाली तर उत्तम. नेहमीचा डोस ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा. किडनीचा त्रास असेल तर तो बदलावा लागतो, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून आणू नका. काही वेळा तेच लागतात, पण ते आत बघून ठरवायचं असतं.

खपल्या पडल्यावरही तपासणी सोडू नका. सूज आणि डोळ्यातला दाब नंतरही वाढू शकतो. माझ्या डॉक्टरांनी स्पर्श कळतो का बघायला कापसाचा धागा एकेका बुबुळाला लावला, उजवा डोळा लगेच मिटला, डावा उघडाच. मला काही जाणवलंच नव्हतं! अशा बधिर डोळ्यात कचरा गेला तरी कळत नाही. अजून स्कूटरवर चष्मा लावल्याशिवाय बसत नाही.

आणि हो, घरात कांजिण्या न झालेलं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर खपल्या धरेपर्यंत सासूबाईंचा टॉवेल, उशी वेगळी ठेवा.