आधी भरतीचं वेळापत्रक, मग नकाशा

डोंगर आणि समुद्र एकाच दिवसात पाहायचे असतील, तर दिवस समुद्राच्या सोयीने आख. डोंगर तुझी वाट बघतो, ओहोटी बघत नाही. कड्याखालची गुहा किंवा नैसर्गिक कमान गाठायची असेल, तर पाणी उतरत असतानाच निघ आणि पूर्ण ओहोटीच्या क्षणी परत फीर. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून कालची वेळ आज धरायची नाही. ती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप मागे जातं खरं, पण चढतंही तितकंच वर. मी एकदा फोटोंच्या नादात अडकलो आणि दोन तास ओल्या खडकावर बसून काढले. फोटोही धड आले नाहीत!

चढाचा हिशेब सोपा आहे. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा 1892चा नियम: 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक. नवख्याने त्यात निम्मा वेळ वाढवावा. कड्याच्या टोकावर मात्र उभा राहू नकोस, खालून लाटांनी तो पोखरलेला असू शकतो.