माहेरी आले, तर देवघरच वेगळं

(पत्राचा गोषवारा : हॉलिरूड राजवाडा, एडिनबरो, सप्टेंबर १५६१. लिहिणारी अठरा वर्षांची विधवा. सहा दिवसांची असताना वडील गेले आणि ही स्कॉटलंडची राणी झाली. पाचव्या वर्षी फ्रान्सला धाडली, तिथेच वाढली, तिथल्या राजाची राणी झाली. गेल्या वर्षी जूनमध्ये आई गेली, डिसेंबरात नवरा. १९ ऑगस्टला दाट धुक्यात लीथ बंदरात उतरली. ही कॅथलिक, आणि गेल्याच वर्षी संसदेने पोपची सत्ता मोडीत काढून देश प्रॉटेस्टंट केलेला. विचारते : धर्मही राखीन आणि राज्यही, हे जमेल का?)

मेरी, बाळा,

राणी असलीस तरी माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

जमेल. पण कोणाच्या जिवावर जमतंय, ते तुझ्या पत्रात एका ओळीत उरकलंस आणि त्या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक जॉन नॉक्सला मात्र चार पानं दिलीस.

तो २४ ऑगस्टचा रविवार आठव. तुझ्या खासगी चॅपेलमध्ये मिस्सा, म्हणजे तुमची कॅथलिक उपासना. बाहेर लॉर्ड लिंडसे आणि त्याची माणसं पाद्र्याला मारा म्हणून ओरडतायत, मेणबत्ती नेणाऱ्या नोकराची भीतीने गाळण उडालीये. आणि दारात कोण उभं? तुझा सावत्र भाऊ जेम्स. स्वतः पक्का प्रॉटेस्टंट. कारण काय सांगितलं, तर एकाही स्कॉट माणसाने मिस्सेला आत जाऊ नये म्हणून उभा आहे! आपल्या लोकांत नाक राहिलं आणि तुझा पाद्रीही वाचला. मिस्सा संपल्यावर आणखी दोघा सावत्र भावांनी त्याला खोलीपर्यंत पोचवलं. सख्खं कुणी नाही म्हणून रडतेस, पण ही तीन माणसं मोज की.

कायद्याने बघशील तर तिसऱ्यांदा मिस्सा केली की देहदंड. म्हणजे तुझ्याच राज्यात तू दर रविवारी गुन्हा करतेस. त्या कायद्यावर तू सही केलेली नाहीस आणि तो रद्दही केलेला नाहीस. २५ तारखेला दवंडी पिटलीस की मी आले तेव्हा धर्माची जी स्थिती होती ती कोणी बदलू नये आणि माझ्या माणसांना कोणी हात लावू नये. शहाणपणाचं केलंस. उत्तरेतला कॅथलिक सरदार हंटली वीस हजार माणसं देतो, ॲबरडीनला उतर, म्हणत होता, त्याला नाही म्हणालीस तेही. फक्त त्या दवंडीतलं ‘अंतिम निर्णय होईपर्यंत’ हे शेपूट सगळ्यांनाच टोचतंय. प्रॉटेस्टंटांना वाटतं, ही संधी बघतेय. कॅथलिकांनाही तेच वाटतं, आणि ते खूश आहेत.

नॉक्सचं सांगू? त्याला जिंकायला जाऊ नकोस. तुझी आई कारभार बघत होती तेव्हा, १५५८ मध्ये, त्याने बायकांच्या राज्याविरुद्ध पुस्तक लिहिलं. एक मिस्सा त्याला दहा हजार शत्रूसैनिकांहून भयंकर वाटते. तू बोलावलंस, वाद घातलास, आणि पाव तास तुझ्या तोंडून शब्द फुटेना. ख्रिस्त्यांना छळणाऱ्या रोमन बादशहा नीरोच्या राज्यात जसा सेंट पॉल राहिला तसा मी तुमच्या राज्यात राहीन, असं तोंडावर सांगणाऱ्या माणसाला समजावून काय उपयोग? त्यापेक्षा त्याच्या पाळकांच्या पोटापाण्याचं बघ. धर्म बदलला, पण जुन्या मठांची, धर्मपीठांची उत्पन्नं अजून जुन्याच धन्यांच्या हातात आहेत. नव्या पाळकांना धड पगार नाही. त्यातला वाटा बांधून दे. नॉक्सच्या सेंट जाइल्स चर्चमधून शिव्या येतच राहतील, पण पगार राणीच्या सहीने निघतो म्हटल्यावर बाकीचे जरा बेताने बोलतील.

फ्रान्समधले मामा पत्रांतून सल्ला देतात म्हणतेस. वाच आणि ठेवून दे. गीझ हे तुझ्या आईच्या घराण्याचं नाव ऐकलं की इथल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. इंग्लंडच्या राणीला, एलिझाबेथला, तू बहीण म्हणतेस. आमच्या हिशेबाने ती वडिलांची मामेबहीण, म्हणजे तुझी आत्याच लागते, आणि तुझा तिच्या गादीवर डोळा आहे हे ती विसरायची नाही.

राहता राहिलं लग्न. पुन्हा करशील, करायलाही हवं. पण स्थळ बघताना आधी दारातल्या जेम्सचा विचार कर. कॅथलिक नवरा आणलास की तो पहिला उठून जाईल. ऑर्लेआँला सांत्वनाला आलेला तो उंच डार्नली नात्याने तुझा आतेभाऊ. आमच्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे, तेव्हा नात्याला माझी हरकत नाही. पण सांत्वनाला आलेला मुलगा गोडच दिसतो गं, कोणताही. एक-दोन वर्षं जाऊ दे, कर्ज किती, राग किती, पितो किती, सगळी चौकशी कर.

तोवर जेम्सला या आठवड्यात जेवायला बोलाव. शुक्रवारी मात्र नको; तुझा उपास आणि त्याचं मटण एका टेबलावर आलं की पुन्हा धर्माचा विषय निघेल.

तुझी,
ताई